बोटीच्या ट्रेलरवरील झिजलेले कार्पेट बदलण्याबाबत मदत हवी आहे

माझ्या ट्रेलरवर बोटीचा तळ ज्या दोन लांब लाकडी फळ्यांवर टेकतो, त्यांच्यावरील कार्पेट कडांना पूर्णपणे झिजले असून काही ठिकाणी उघडे लाकूड थेट तळाला घासू लागले आहे. बोट खाऱ्या पाण्यात उतरवली जात असल्यामुळे जुन्या, साध्या लोखंडी स्टेपल पिना गंजून तुटल्या आहेत. नव्या पिना स्टेनलेस स्टीलच्याच घ्यायच्या आणि त्या फळीच्या खालच्या बाजूने मारायच्या, एवढे मी ठरवले आहे.

खरी काळजी लाकडाची आहे. एक फळी टोकाला मऊ पडली आहे, म्हणून दोन्ही बदलाव्यात असे वाटते. परंतु बोट अ‍ॅल्युमिनियमची आहे आणि कुजू नये म्हणून तांबेयुक्त रसायनाची प्रक्रिया केलेले लाकूड ओल्या कार्पेटमधूनही अ‍ॅल्युमिनियमला खाते. तेव्हा साधे लाकूड घेऊन त्याला इपॉक्सीचा लेप दिल्यास ते पुरेसे टिकेल का? प्लास्टिकच्या पट्ट्यांचाही विचार केला होता, पण त्यांच्यावरून बोट फार सहज घसरते आणि मी बोट उतरवतो तो उतार तीव्र आहे.

बोट ट्रेलरवरच ठेवून, एका वेळी एकच फळी काढताना तळाला सुरक्षित आधार कुठे व कसा द्यावा, हे ज्यांनी स्वतः केले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.