हळवा वाल, गरवी तूर : फुलोऱ्याच्या वेळेला काय म्हणावं?

बिरडेप्रेमी
कडधान्यांचा फुलोरा कधी येतो हे ठरवणाऱ्या जनुकांवर मराठीत लेख लिहितेय. वाचक मुख्यतः बियाणं निवडणारे शेतकरी. 'लवकर फुलणारा वाण', 'उशिरा फुलणारा वाण' असं दर वाक्यात लिहून जीव मेटाकुटीला आला. आमच्या अलिबागेकडे लवकर, मध्यम आणि उशिरा तयार होणाऱ्या भाताला हळवं, निमगरवं, गरवं म्हणतात. हेच वालाला, तुरीला, सोयाबीनला लावलं तर चालेल का? की 'हळवा' वाचून शहरातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर रुमाल काढणारा नायक येईल?

पोथीनिष्ठ
खुशाल लावा. प्राकृतात 'लघु'चं हलुअ आणि 'गुरु'चं गरुअ होतं, त्यातूनच ही जोडी आली. हलकं आणि जड, एवढाच मूळ अर्थ. मनाचा हळवा आणि भाताचा हळवा हे एकाच घरातले भाऊ. रुमालवाल्याची चिंता नको, पुढे 'वाण' आला की अर्थ आपोआप सरळ होतो.

बांधावरून
मराठवाड्यात तुरीला हळवी-गरवी सर्रास म्हणतात, त्यामुळे शब्द नवा वाटणार नाही. पण ताई, एक लक्षात घ्या. आम्ही हळवी म्हणतो ती रान लवकर मोकळं करते म्हणून. हलक्या रानात ओल टिकत नाही, तिथं हळवी पेरायची. काळ्या भारी रानात गरवी, ती पार जानेवारीपर्यंत उभी. फूल कितव्या दिवशी लागलं याचा हिशेब कुणी ठेवत नाही, काढणीचा ठेवतात. तुमचा लेख फुलाचा आहे ना?

निवडपद्धत
बांधावरून यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. पीक पैदास हा माझा विषय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हळवा-गरवा हे शब्द एका ठरलेल्या पेरणीला धरून आहेत. भात आपण पावसाळ्यातच लावतो, हळवं दसऱ्याच्या आसपास कापायला येतं, गरवं दिवाळीनंतर. पेरणीची वेळ बदलत नाही, म्हणून शब्दही डळमळत नाही. आता वाल घ्या. रायगडात भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. दिवस लहान असतात, वेल गुडघ्याएवढासुद्धा होत नाही तोवर फुलं, आणि जानेवारी-फेब्रुवारीत पोपटीला, म्हणजे मडक्यात भाजायला, शेंगा. अशाच जातकुळीचा जुना वाल जूनमध्ये कुंपणावर सोडून बघा. नुसता माजतो, मांडव झाकून टाकतो, पण कळी दिसते ती पावसाळा सरल्यावर. एकच बी. मग त्याला हळवं म्हणायचं की गरवं?

तुरीचंही तसंच. जूनमध्ये पेरलेली गरवी तूर डोक्याच्या वर जाते. तीच सप्टेंबरअखेर पेरली तर कमरेएवढी राहते आणि कितीतरी कमी दिवसांत फुलावर येते. इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेने तुरीचे ० ते ९ असे गट पाडले ते फुलोऱ्याला लागणाऱ्या दिवसांवरूनच, पण ते दिवस हैदराबादजवळच्या पाटणचेरूला खरिपात मोजलेले आहेत. जागा आणि पेरणी न सांगता नुसता आकडा दिला तर त्याला फारसा अर्थ उरत नाही.

कारण ही झाडं रात्र मोजतात. मुंबईच्या अक्षांशावर जूनमध्ये दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकराचा. तफावत सव्वादोन तासांची, पण वालाला आणि तुरीला तेवढी पुरते. दिवसाच्या लांबीवर फुलोरा ठरतो हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या शास्त्रज्ञांनी अमेरिकेत १९२० साली मांडलं. त्यांच्या प्रयोगात तंबाखूसोबत सोयाबीनही होतं. 'बिलॉक्सी' नावाचं सोयाबीन त्यांनी वेगवेगळ्या तारखांना पेरलं, तरी सगळं जवळजवळ एकाच सुमारास फुललं.

बांधावरून
गावात हायमास्ट दिवा बसला की त्याच्या उजेडातलं सोयाबीन हिरवंच राहतं आणि बाकीचं पिवळं पडतं, ते यामुळेच का? आमच्याकडे कापणीला तेवढा एक गोल मागे ठेवावा लागतो. लोक म्हणतात खत जास्त पडलं.

निवडपद्धत
त्यामुळेच. दिव्यानं रात्र मोडते, झाडाला वाटतं अजून दिवस मोठा आहे. खताची काही चूक नाही.

बिरडेप्रेमी
म्हणजे दोन वेगळे गुण झाले. एक, किती दिवसांत फुलतो. दुसरा, दिवसाच्या लांबीकडे बघतो की नाही. पहिल्याला हळवा-गरवा ठेवते, पेरणीची वेळ सांगून. दुसऱ्याला काय? पत्रकांत 'प्रकाश-असंवेदनशील' असतं. वाचताना मधेच धाप लागते.

हेब्बाळची पाटी
बंगळुरात राहते, म्हणून अवरेकाईची बाजू मांडते. आपला पावटा-वालच तो. इथल्या कृषी विद्यापीठाने 'एचए ३', 'एचए ४' असे वाण काढले, ते कधीही पेरा, फुलतात. वेल नाही, झुडूप. भाजीवाले याला 'वर्षभर मिळणारी' म्हणतात. तर बारमाही वाल म्हणा की! सोपं आहे. (जुनी मंडळी मात्र थंडीतल्या शेंगेचा तो तेलकट वास, इथला 'सोगडु', त्यावरच अडून बसतात. जानेवारीत अवरेकाई मेळ्यात चव घेऊन बघा, त्यांचं म्हणणं पटतं.)

पोथीनिष्ठ
बारमाहीला माझी हरकत. बारमाही नदी म्हणजे बारा महिने वाहणारी. बारमाही वाल म्हटलं की एकच वेल वर्षभर शेंगा देतोय असं वाटणार. इथं वेल तर दोन-तीन महिन्यांत आटोपतो, फक्त पेरायला मुहूर्त लागत नाही. 'मुदतीचा' आणि 'हंगामाचा' अशी जोडी का नको? मुदतीचा वाण पेरणीपासून ठरलेल्या दिवसांनी फुलणार, हंगामाचा वाण दिवस लहान झाल्यावरच. साठ दिवसांचं म्हणून 'साठी' भात आपल्याकडे जुनंच आहे, षष्टिक. मुदतीवरून नाव ठेवायची रीत काही आजची नाही.

बांधावरून
मुदतीचा आवडला. बियाण्याच्या दुकानात 'किती दिवसांचं आहे' असंच विचारतात.

निवडपद्धत
मलाही चालेल. आता जनुकांकडे वळा, कारण तिथं ही जोडी नीट बसते.

घेवड्याचे रानटी पूर्वज मेक्सिको आणि अँडीजमध्ये हंगामाचे होते. माणसानं घेवडा दोनदा, दोन ठिकाणी माणसाळवला, आणि दोन्हीकडे त्याचे मुदतीचे वाण तयार झाले. २०१९ साली उलगडलं की दोन्हीकडे बिघडलेलं जनुक एकच आहे, 'पीपीडी', म्हणजे प्रकाश ओळखणाऱ्या फायटोक्रोम ए गटातलं एक. बिघाड मात्र वेगवेगळे, स्वतंत्रपणे झालेले. डोळा मिटला, मग दिवस लांब असो वा आखूड, झाड फुलणार. कोरेगावचा वाघ्या घेवडा खरिपात, मोठ्या दिवसांत फुलावर येतो, ते बहुधा घेवडा असा मुदतीचा झाला म्हणूनच जमतं.

सोयाबीनमध्ये 'ई' मालिका आहे. ई ३ आणि ई ४ ही फायटोक्रोम ए चीच. सर्वांत वजनदार ई १, ते २०१२ मध्ये सापडलं. शेंगवर्गीय वनस्पतींपुरतंच असलेलं हे जनुक फुलोरा रोखून धरतं. मोठ्या दिवसात ते जोरात असतं, दिवस घटला की ढिलं पडतं. थंड, उत्तरेकडच्या देशांतल्या सोयाबीनमध्ये ते मोडकं किंवा अर्धवट असतं, नाहीतर तिथल्या मोठ्या दिवसांत फुलायला वेळच उरला नसता.

ब्राझीलची गोष्ट उलटी. विषुववृत्ताकडे दिवस कायम आखूड, सोयाबीन वीतभर असतानाच फुलायचं, मग उत्पन्न कुठलं? तिथं 'जे' नावाचं जनुक बिघडलेले वाण उपयोगी पडले. 'जे' एरवी ई १ ला दाबतं. ते गेलं की ई १ मोकाट, आणि फुलोरा लांबतो. ही कडी २०१७ मध्ये जुळली. या गुणाला शास्त्रात 'दीर्घ बाल्यावस्था' अशा थाटाचं नाव आहे.

पोथीनिष्ठ
लांब पोरवय!

बिरडेप्रेमी
घेतलं. मात्र शेतकऱ्यासाठी 'आधी वाढ, मग फूल' असं कंसाबाहेर लिहीन.

आता शेवटचं. पानात तयार होऊन शेंड्याकडे जाणारं 'एफटी' प्रथिन, ज्यानं शेंडा पानं सोडून कळ्या काढायला लागतो, त्याला एक शब्द हवा. 'फुलोरा-संप्रेरक' म्हटलं तर वाचक फवारणीची बाटली शोधायला जाईल.

हेब्बाळची पाटी
सांगावा. पान शेंड्याला सांगावा धाडतं.

निवडपद्धत
मजकुरात 'फुलोऱ्याचा सांगावा', आकृतीत 'एफटी प्रथिन'. ई १ हा सांगावा पानातच अडवतं, हे एका बाणानं दाखवता येईल. बाण आडवा तोडलेला काढा, म्हणजे अडवणं कळेल. फक्त ई १ शेजारी 'हळवं जनुक' किंवा 'गरवं जनुक' असं लिहू नका. हळवा-गरवा वाण असतो. तेच ई १ एका वाणात शाबूत, दुसऱ्यात मोडकं.

बांधावरून
लेख आला की दुवा द्या. आणि पेरणीची तारीख प्रत्येक वाणापुढे लिहा, आकड्याआधी आम्ही तेच बघतो.