मदत हवी आहे: इंटरसेप्टर ६५० साठी पावसाळ्याआधी कोणते टायर घ्यावेत?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २०१९ सालची रॉयल एन्फिल्ड इंटरसेप्टर ६५० आहे. चाके आऱ्यांची, त्यामुळे टायर ट्यूबवाले. टायरचे माप पुढे १००/९०-१८ आणि मागे १३०/७०-१८ (पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये). गाडीचे वजन दोनशे किलोंच्या वर आहे आणि सुट्टीच्या दिवशी मागे पत्नी असते. जूनच्या आत टायर बदलायचे असे ठरवले आहे, परंतु बरेच वाचून आणि तीन दुकाने फिरूनही एका प्रश्नावर निर्णय होत नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

रोजची वाट कासारवडवलीहून घोडबंदर रस्त्याने माजिवडा, पुढे कळवा, विटावा आणि ठाणे-बेलापूर रस्त्याने महापे अशी आहे. ही वाट जवळजवळ सरळ आहे आणि बराचसा भाग काँक्रीटचा आहे. महिन्यातून एकदा मुरबाडमार्गे माळशेज किंवा कसारा घाटाने नाशिक होते. गाडी १९,००० किलोमीटर चालली आहे. मागचा टायर ९,५०० किलोमीटरला एकदा बदलला होता, पुढचा मात्र गाडीबरोबर आलेलाच आहे.

गेल्या सप्टेंबरमध्ये भुरभुर पावसात, वेग तिशीच्या आत असताना, सिग्नलपाशी झेब्रा क्रॉसिंगच्या जाड पांढऱ्या पट्ट्यावर मागचे चाक बाजूला सरकले. पत्नी मागे बसलेली होती. गाडी सावरली, कोणाला काही झाले नाही, पण त्या दिवसापासून ओल्या पट्ट्यावर, पेव्हर ब्लॉकवर किंवा कामाच्या ठिकाणी टाकलेल्या लोखंडी पत्र्यावर चाक चढले की मी श्वास रोखून धरतो, आणि दोनशे किलोंची गाडी अशा मनःस्थितीत चालवणे योग्य नाही असे मला मनापासून वाटते.

परवा गाडी मधल्या स्टँडवर घेतली आणि मागच्या टायरवरून तळहात आडवा फिरवला. मध्यभागी चार बोटे रुंदीचा सपाट पट्टा आणि त्याच्या दोन्ही अंगांना चक्क कड हाताला लागली. मधल्या खाचांमधले झीज दाखवणारे उंचवटे रबराच्या पातळीला आले आहेत. माळशेजच्या वळणांवर गाडी आधी कलायला तयार होत नाही आणि मग एकदम कलते, याचे कारण तेव्हा कळले: सरळ रस्त्याने टायरची गोलाई खाऊन टाकली आहे आणि कलताना चाकाला ती कड ओलांडावी लागते.

पुढचा टायर दिसायला उत्तम होता, नक्षी भरपूर होती, म्हणून फक्त मागचाच बदलावा असा माझा विचार होता. मग बॅटरीच्या उजेडात त्याच्या बाजूवरचे लंबगोल चौकटीतले चार आकडे वाचले: २३१९, म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खाचेत नख घालून रबर किंचित ताणले तेव्हा तळाशी केसासारख्या बारीक भेगा दिसल्या. टायर कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला असा असतो की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही शिल्लक असली तरी वापरू नये. भेगा दिसल्यावर मी दहा वर्षांची वाट पाहणार नाही. रबर जुने झाले की कडक होते, आणि ओल्या रस्त्यावरची पकड केवळ खाचांवर नव्हे, तर रबराच्या मऊपणावरही अवलंबून असते. त्यामुळे आता जोडीच बदलणार आहे.

एका दुकानात मला मागे १४० किंवा १५० रुंदीचा टायर टाकण्याचा आग्रह झाला, "गाडी भरलेली दिसते" म्हणून. तो विचार मी सोडून दिला आहे. त्याच रिमवर जास्त रुंद टायर चढवला की तो दोन्ही कडांनी आत दाबला जातो, त्याची गोलाई बदलते आणि गाडी वळायला जड होते. माप मूळचेच राहील. भार आणि वेगाचे चिन्हही मूळच्यापेक्षा खाली जाऊ देणार नाही. माझ्याकडे पुढे ५६ एच आणि मागे ६३ एच आहे, म्हणजे अनुक्रमे २२४ आणि २७२ किलो भार आणि ताशी २१० किलोमीटर वेग.

खरा पेच पुढे आहे. एक पर्याय सिएट झूम क्रूझ, जो नंतरच्या इंटरसेप्टरवर कंपनीकडूनच येऊ लागला. तो सहज मिळतो आणि परवडतोही. दुसरा मिशेलिन रोड क्लासिक, ज्याच्या रबरात ओल्या रस्त्यावरील पकडीसाठी सिलिका असते, पण किंमत बरीच अधिक आहे. माझा कल दुसऱ्याकडे आहे, कारण टायर दोन-तीन हजार किलोमीटर आधी झिजला तरी चालेल, पण पावसात घसरलेला चालणार नाही.

ज्यांनी याच वजनाच्या गाडीवर हे टायर किमान एक पूर्ण कोकणी पावसाळा वापरले आहेत, त्यांनी कृपया सांगावे: ओल्या पट्ट्यांवर आणि पेव्हर ब्लॉकवर दोघांमधला फरक प्रत्यक्ष जाणवतो का? मागे पत्नी आणि सामान असताना तुम्ही हवा किती ठेवता? रोजच्या सरळ रस्त्यावर मागचा टायर किती किलोमीटरनंतर सपाट होऊ लागला? टायरबरोबर ट्यूब आणि रिमची पट्टी नवीन घालणारच आहे, कारण ट्यूबवाल्या चाकातली हवा पंक्चर झाल्यावर झटकन उतरते. परंतु ट्यूब कोणती घेतलीत तेही लिहावे.

आणखी एक विनंती. ठाणे, कळवा, ऐरोली किंवा वाशी परिसरात आऱ्यांच्या चाकाचा टायर रिम न ओरबाडता हाताळणारा, फिरण्याच्या दिशेचा बाण पाहून बसवणारा आणि चाकाचे बॅलन्सिंग करून देणारा कारागीर माहीत असल्यास त्याचा परिसर कळवावा. मागच्या वेळी बसवलेला टायर उलट्या दिशेने लागला होता आणि ते माझ्या लक्षात यायला तीन आठवडे गेले. या वेळी चाक बसवताना मी शेजारी उभा राहणार आहे.