अमली पदार्थांची नवी लाट वेळेत कशी ओळखतात?

प्रश्न : आपल्याकडे अमली पदार्थांच्या सेवनाच्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ साली आला आणि त्याआधीचा २००४ साली. एवढ्या काळात कितीतरी नवे पदार्थ बाजारात येऊन रुळतात. युरोपातील पूर्वसूचना यंत्रणा नेमकी कशी चालते, आणि सांडपाण्याच्या तपासणीवर कितपत विसंबावे?

उत्तर १ : ती यंत्रणा १९९७ पासून चालू असून तिचा कारभार लिस्बनमधून पाहिला जातो. जप्त केलेल्या मालात किंवा मृताच्या रक्तात अनोळखी रसायन सापडले, की तो देश इतरांना कळवतो; सर्वेक्षणाची वाट पाहिली जात नाही. मात्र सूचना मिळणे वेगळे आणि हालचाल होणे वेगळे. मेफेड्रोनवर युरोपीय संघाने डिसेंबर २०१० मध्येच निर्बंध घातले, तर मुंबईत ‘म्याव म्याव’ किंवा ‘एमडी’ म्हणून विकला जाणारा तोच पदार्थ आपल्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत यायला २०१५ उजाडले.

उत्तर २ : सांडपाण्याबद्दल लिहितो. प्रक्रिया केंद्राच्या तोंडाशी बसवलेले यंत्र चोवीस तास थोडे थोडे पाणी गोळा करते, आणि असे सलग सात दिवसांचे नमुने तपासले जातात. त्यात कोकेनऐवजी, ते शरीरात गेल्यावर तयार होऊन लघवीवाटे बाहेर पडणारे बेंझॉयलएकगोनिन प्रामुख्याने मोजतात, कारण गटारात ओतून दिलेला मालही मूळ कोकेन म्हणूनच दिसेल. उत्तर दर हजार लोकसंख्येमागे रोज किती मिलिग्रॅम असे निघते, आणि अनेक शहरांत शनिवार-रविवारी कोकेन व एमडीएमएचा (म्हणजे ‘एक्स्टसी’चा; वरच्या ‘एमडी’चा नव्हे) आकडा चढलेला दिसतो. सेवन करणारे किती, हे मात्र त्यातून कळत नाही. शिवाय ज्याचा शोध घ्यायचा, ते रसायन आधी ठाऊक असावे लागते. आपल्याकडे तर बरेच मैलापाणी प्रक्रिया केंद्रापर्यंत न पोहोचता थेट नाल्यात जाते. मग भागायचे कोणत्या लोकसंख्येने?

उत्तर ३ : व्यसनमुक्ती केंद्रांच्या नोंदींवरही फार भिस्त ठेवू नये. माणूस केंद्रात येतो तो बहुधा व्यसन मुरल्यावर, त्यामुळे त्या नोंदी मागची लाट सांगतात. माझ्या मते सर्वांत उपयुक्त नमुना नेदरलँड्सचा : तेथे १९९२ पासून सेवन करणारे स्वतःच गोळ्या तपासणीस आणून देतात, आणि जीवघेणी गोळी आढळल्यास जाहीर इशारा दिला जातो. आपल्या कायद्यात बाळगणे हाच गुन्हा असल्याने, स्पष्ट संरक्षण दिल्याखेरीज येथे गोळी घेऊन कोणी फिरकणार नाही.