मदत हवी आहे: मिक्सर सुरू होताच ३८ मीटरवरच्या कीबोर्ड-माऊसचं कनेक्शन तुटतं

नमस्कार मंडळी,

रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी मेन्टेनन्स बघतो. काम पावडर मिक्सिंगचं. बारीक धूळ सगळीकडे जाऊन बसते, म्हणून इंडस्ट्रियल पीसी पोटमाळ्यावरच्या एसी पॅनेल रूममध्ये ठेवलाय. खाली मिक्सरजवळ फक्त मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस. मधली केबल मोजून ३८ मीटर. मॉनिटरचं चित्र वेगळ्या एक्स्टेंडरवरून येतं, त्याची तक्रार नाही. कीबोर्ड-माऊसने मात्र तीन महिने पिडलंय.

माऊस चालता चालता गोठतो, दोन-तीन सेकंदांनी यूएसबी काढल्याचा आवाज येतो आणि थोड्या वेळाने आपोआप पुन्हा जोडला जातो. कधी एकच अंक ओळीने उमटत राहतो. परवा रात्रपाळीला ऑपरेटर काका वजनाच्या चौकटीत ५० टाकायला गेले तर ५५५५५५ झालं. सॉफ्टवेअरमध्ये मर्यादा घातलेली आहे, त्यामुळे ते स्वीकारलं गेलं नाही. इमर्जन्सी स्टॉपही स्वतंत्र वायरिंगवर आहे. पण अलार्म वाजत असताना ऑपरेटर काका हातात मेलेला माऊस घेऊन उभे राहतात, आणि सकाळी वर त्यांनाच ऐकावं लागतं, "तुम्ही जोरात ओढता." इतकी वर्षं मिक्सर सांभाळलेल्या माणसाला हे ऐकवलेलं मला बघवत नाही. म्हणूनच हा धागा काढलाय.

आत्तापर्यंत माऊस तीनदा आणि कीबोर्ड दोनदा बदलला. वायरलेस सेट आणला, पण रिसीव्हर वर पीसीला आणि मधे लोखंडी पॅनेल, त्यामुळे तो जोडलाच गेला नाही. पाच-पाच मीटरच्या रिपीटर केबल एकापुढे एक जोडून पाहिल्या, शेवटच्या दोन पीसीने ओळखल्याच नाहीत. विंडोजमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला पोर्ट झोपवणारी सेटिंग) बंद केलं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली खूणही काढली. पीसीच्या बाजूला पॉवर्ड हब (स्वतःच्या अ‍ॅडाप्टरवर चालणारा यूएसबी हब) लावला. काही फरक नाही.

सध्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या यूएसबी एक्स्टेंडरच्या दोन छोट्या डब्या आहेत, मधे कॅट-६ नेटवर्क केबल. खालच्या डबीला अ‍ॅडाप्टर लावायची सोयच नाही.

एक गोष्ट काकांनीच शोधली. शिफ्टच्या वहीत ते माऊस तुटल्याची वेळ लिहू लागले. नऊ नोंदी झाल्या, त्यातल्या सात मिक्सरची मोटर सुरू होताना किंवा कॉम्प्रेसर बंद होताना. मिक्सर व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) आहे, कॉम्प्रेसर साध्या कॉन्टॅक्टरवर (कॉइलने चालू-बंद होणारा मोठा स्विच). कॅट-६ मोटरच्या केबलबरोबर एकाच ट्रेमधून खाली उतरते. दोष डब्यांचा, केबलचा की अर्थिंगचा? कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद १:
दादा, काकांची वही जपून ठेवा, तुमचं अर्धं निदान त्यातच आहे.

यूएसबी २.० ची एक केबल ५ मीटरपर्यंतच मानली जाते. मधे जास्तीत जास्त पाच हब चालतात, म्हणजे सगळं मिळून ३० मीटर. प्रत्येक रिपीटर केबल म्हणजे एक हबच, आणि पीसीच्या आतही एखादा असतो, म्हणून तुमच्या शेवटच्या दोन केबल ओळखल्या गेल्या नाहीत. अ‍ॅडाप्टर नसलेल्या डब्या तोच यूएसबी सिग्नल आणि तेच ५ व्होल्ट कॅट-६ मधून ढकलतात. हिशोब करा: २४ गेजची तांब्याची तार मीटरला साधारण ०.०८४ ओहम. जाऊन-येऊन ७६ मीटर, म्हणजे एका जोडीवर जवळपास ६.४ ओहम. कीबोर्ड-माऊसने मिळून १५० मिलीअँपिअर घेतले तर वाटेतच एक व्होल्ट गेला. केबल तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असेल तर त्याहून जास्त. खालच्या टोकाला यूएसबी मीटर लावून बघा. ४.४ च्या खाली दिसलं तर माऊसला दोष देऊ नका. पॉवर्ड हब लावायचा तो खालच्या टोकाला, वर नाही.

अंक ओळीने का उमटतात? कळ दाबल्याचा निरोप पोचतो, सोडल्याचा पोचायच्या आत लाइन अडकते. पीसीला वाटतं बोट अजून कळीवरच आहे.

प्रतिसाद २:
व्होल्टेज हे एक झालं. मोटर केबलच्या ट्रेमधून डेटा केबल नेणं हे दुसरं, आणि माझ्या मते मोठं. व्हीएफडीचं आउटपुट म्हणजे सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारं व्होल्टेज, त्याच्याशेजारी कॅट-६ ३८ मीटर समांतर पळवलीत तर विजेचा आवाज (नॉइज, म्हणजे सिग्नलमधला अडथळा) उचलणारच. ट्रे वेगळा करा. ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा. व्हीएफडी ते मोटर केबल शील्डेड (तारांभोवती धातूचं आवरण असलेली) आहे का तेही बघा. कॉन्टॅक्टर सुटताना कॉइलमधून व्होल्टेजची उसळी येते, एसी कॉइलवर आरसी स्नबर (ती उसळी शोषणारा रेझिस्टर-कपॅसिटर) लावा. अगदी स्वस्त वस्तू आहे.

आधी फुकटची चाचणी करा. दुसरी कॅट-६ ट्रेपासून लांब, नुसती जमिनीवरून टाका आणि मिक्सर रिकामा चालवा.

धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. शुक्रवारी सुट्टी असते, तेव्हा काका स्वतःहून आले.

खालच्या टोकाला ४.१ व्होल्ट निघाले. तिथे पॉवर्ड हब लावला तर ४.९. पण ट्रेमधल्या केबलवर मिक्सर दहादा सुरू केला, त्यात माऊस तीनदा तुटला. मग जमिनीवरून टाकलेल्या केबलवर दहादा, एकदाही नाही. फक्त कॉम्प्रेसर बंद होताना एकदा गोठला. स्नबर लावल्यावर तेही थांबलं. दोन्ही गोष्टी होत्या, आणि मी तीन महिने माऊस बदलत बसलो.

आता नवी केबल शील्डेड टाकावी म्हणतोय. शील्ड एका टोकाला अर्थ करू की दोन्ही? वरच्या आणि खालच्या पॅनेलची अर्थिंग वेगवेगळ्या पिटला (जमिनीतल्या अर्थच्या खड्ड्याला) आहे.

प्रतिसाद २:
पिट वेगळे असतील आणि दोन पॅनेलमध्ये जाडसर बाँडिंग कंडक्टर (दोन्हींचं अर्थ एकमेकांना जोडणारी तार) नसेल, तर दोन्ही टोकांना अर्थ केलेल्या शील्डमधून करंट वाहायला लागेल. एका टोकाला केलंत तर करंट थांबेल, पण व्हीएफडीचा उच्च फ्रीक्वेन्सीचा आवाज तितकासा अडत नाही. आधी बाँडिंग करून घ्या, मग दोन्ही टोकांना. ते जमत नसेल तर दोन्ही बाजूंना अ‍ॅडाप्टर असलेला फायबरवरचा यूएसबी एक्स्टेंडर घ्या. काचेतून ना आवाज जातो ना अर्थचा करंट.

धागाकर्ता:
मालकांशी बोललो, फायबरला होकार मिळाला. वहीचं ते पान त्यांना दाखवलं, काका शेजारीच उभे होते.