कीबोर्ड साफ करताना काय काय सापडलं? अनुभव लिहा

आज लेकीचा कीबोर्ड पेपरवर पालथा धरून थोपटला. शेंगाचटणीचे कण, पेन्सिलचा भुगा, एक टिकली. आणि एकदम बाबांचा कारखाना आठवला. सोलापूरच्या पूर्व भागात बारा माग, कोपऱ्यात काचेची केबिन, तिथे हिशोबाचा कॉम्प्युटर. सुताची तूस इतकी आत जायची की एंटर दाबलं तर वर यायचं नाही. सुट्टीच्या दिवशी बाबा मशीन बंद करून वायर काढायचे, चमच्याच्या दांड्याने एकेक बटण उचकटायचे. मी ती साबणाच्या पाण्यात धुऊन चादरीच्या तुकड्यावर वाळत घालायची. एफ आणि जे डोळे मिटूनही ओळखायची, त्यांच्यावर बारीक उंचवटा असतो ना. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. तो कीबोर्ड अजून माळ्यावर आहे.

— टिकली 😄 आमच्याकडे तर नेलकटर निघालं होतं

— ताई स्पेसबार पण काढायचात का? त्याच्याखालची तार परत बसवण्यात माझी अख्खी दुपार गेली

— माझा चहा सांडला. रात्री बाराला, दुसऱ्या दिवशी फॉर्मची शेवटची तारीख. भावाने लगेच वायर उपटली, पालथा घातला. नंतर ओल्या फडक्याने पुसून दोन दिवस पंख्याखाली. साखर राहिली की बटण चिकटतंच.

— दोन दिवस कशाला, आपल्याकडे मे महिन्यात उन्हात दोन तासांत वाळतं

— उन्हात नको हो! माझी बटणं वाकली. सावलीतच.

— आमच्या वेळी टाइपरायटर. रिबनची शाई अक्षराच्या पोटात बसली की ब आणि व सारखेच उमटायचे. सर रोज ब्रश हातात द्यायचे, आधी अक्षरं घासा मग बसा. मराठी ३० ची, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांची, टायपिंगची परीक्षा पास झाले त्याच मशीनवर. अजून कुणाचा काळवंडलेला कीबोर्ड दिसला की हात शिवशिवतात.

— नवी पेठेत रिपेअरिंग करतो. कळकळीने सांगतो, थिनर, नेलपेंट रिमूव्हर लावू नका, अक्षरं उडतात, प्लास्टिक विरघळतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घ्या, थेट ओतू नका. बटणं काढण्याआधी फोटो काढा. लॅपटॉपची बटणं घरी उचकटू नका, खालची नाजूक क्लिप तुटली की बटण बसत नाही.

— दादा जाड पिनचा जुना चार्जर मिळेल का तुमच्याकडे

— बघतो, संध्याकाळी या

— शेंगाचटणी घरची का?

— धागाकर्ती (मूळ पोस्ट लिहिणारी): हो, सासूबाई उखळात कुटतात.

— आमचेपण माग होते. वाचताना तुसाचा वास आला बघा. माळ्यावरचा टाकू नका ताई.

— धागाकर्ती: आत्ताच खाली काढला. गोल पिनचा आहे, लेकीच्या लॅपटॉपला लागत नाही. सगळा पुसला. एंटरखाली निळी तूस आहे थोडी, ती तशीच ठेवली.