उत्खननाच्या जागी माहितीपट करायचाय, परवानगी कुणाकुणाची लागते?

पंचगंगाकाठ: करवीर तालुक्यात पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, एका टेकाडावर उत्खनन सुरू होतंय. तिथले चर, खापरं, ड्रोनचे शॉट, शिवाय कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयातल्या, तिथल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननातल्या वस्तू आणि थोडा पन्हाळा घ्यायचाय. सगळ्याला मिळून एकच अर्ज चालेल का?

खापरीवाला: नाही चालणार दादा. उत्खननाचा परवाना त्या उत्खननाच्या संचालकांच्या नावावर असतो, म्हणून पहिलं लेखी संमतिपत्र त्यांचं. जमीन खासगी असेल तर मालकाचं वेगळं. पन्हाळा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. तिथला अर्ज प्राचीन स्मारकांच्या १९५९ च्या नियमांतल्या नमुना ९ मध्ये. संग्रहालय मात्र राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाचं. अर्जात तारखा, माणसं, कॅमेरे, दिवे, कुठला शॉट कुठून घेणार, सगळं लिहा. नुसतं ‘माहितीपट’ लिहिलं की शंका काढून कागद परत येतो.

आणि अहवालाआधी काय दाखवायचं नाही, ते संमतिपत्रातच ठरवून घ्या. ब्रह्मपुरीचं उत्खनन १९४५-४६ चं, अहवाल छापला १९५२ साली. इतका काळ गप्प राहणं जड जातं, पण नवी वस्तू आधी तुमच्या टीझरमध्ये दिसली तर खणणाऱ्यांच्या कष्टावर पाणी पडतं.

सेक्शन_बघा: परवानगी मिळाली तरी बाल्कवर ट्रायपॉड नको. दोन चरांमध्ये न खणता राखलेली ती मातीची भिंत. वजन पडलं की कड ढासळते, वरची खापरं खालच्या थरात मिसळतात आणि काळाचा हिशेबच बिघडतो. लांब लेन्स लावा, मागं उभे राहा. थरांचे रंग सकाळच्या तिरप्या उन्हात छान उठतात. पाण्याचा फवारा मारायचा तर तो त्यांच्याच माणसानं. ओएसएल कालमापनाचा (मातीच्या कणांवर शेवटचा उजेड कधी पडला ते काढायचा) नमुना नळी ठोकून घेतात, उजेड लागला की तो वाया जातो. त्या वेळी दिवे बंद!

उजळाईवाडीकर: ड्रोनसाठी आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघा. विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किमीत पिवळा झोन, म्हणजे जमिनीपासूनच परवानगी. ८ ते १२ किमीत ६० मीटरपर्यंतच हिरवा, म्हणजे परवानगी न घेता.

खापरीवाला: आणि फोटोतलं लोकेशन काढूनच टाका. गावात ‘धन सापडलं’ अशी कुजबुज झाली की रात्रीत कुदळी चालतात.