निकेल ऑक्साइडमध्ये 'यू' टाकला की झालं?

हबर्डभक्त: परवा इथे एकाने लिहिलं, "निकेल ऑक्साइडचा प्रश्न कधीच संपला, डीएफटीत यू टाका, ४ ईव्हीची गॅप येते, पुढे चला." (डीएफटी म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून पदार्थाचे गुणधर्म काढायची पद्धत; यू म्हणजे एकाच अणूवरच्या डी इलेक्ट्रॉनांमधल्या प्रतिकर्षणासाठी वरून घातलेला आकडा; गॅप म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या पातळ्यांमधलं अंतर, ईव्हीत म्हणजे इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये.) वाचून डोकं फिरलं. १९३७ साली डी बोअर आणि व्हेरवे यांनी दाखवलं की निकेलच्या डी इलेक्ट्रॉनांचा ऊर्जापट्टा, डी बँड, अर्धवट भरलेला, म्हणजे बँड थिअरीप्रमाणे धातू पाहिजे, आणि समोर पक्का इन्सुलेटर. भौतिकशास्त्रज्ञ मॉटने पुढे यावर कितीतरी वर्षं घातली. तुम्ही आधी प्रयोगातली गॅप बघता, ती येईपर्यंत यू फिरवता आणि प्रश्न संपला म्हणता?

कॅथोडवाली: ती पोस्ट माझीच. साधी एलडीए, म्हणजे यू नसलेली डीएफटी, निकेल ऑक्साइडला फार तर अर्धा ईव्ही देते, कोबाल्ट ऑक्साइडला तर धातूच ठरवते. मला बॅटरीच्या कॅथोडचे व्होल्टेज काढायचेत, यू टाकला की प्रयोगाजवळ येतात. डीएमएफटी या जास्त महागड्या पद्धतीसाठी क्लस्टरवर तास तुम्ही देणार का? आणि यू लिनिअर रिस्पॉन्सने (थोडा धक्का देऊन इलेक्ट्रॉन किती हलतात ते बघून) गणितातूनच काढता येतो, २००५ पासून.

स्पिनवेडा: इन्सुलेटर असण्याचं मूळ कारण अँटिफेरोमॅग्नेटिझम आहे, म्हणजे अणूंचे चुंबकीय मोमेंट आळीपाळीने उलटे लागणं; भौतिकशास्त्रज्ञ स्लेटर वाचा.

हबर्डभक्त: ५२५ केल्विनच्या वर तापवा की, ही चुंबकीय ऑर्डर जाते, इन्सुलेटर तसाच राहतो!

स्पिनवेडा: ऑर्डर जाते, मोमेंट जात नाहीत! मोठा सुपरसेल (स्फटिकाचे अनेक एकक जोडलेला तुकडा) घेऊन मोमेंट वेडेवाकडे ठेवा, डीएफटीतही गॅप टिकते. संशोधक झुंगरच्या ग्रुपने केलंय.

जुना_पोस्टडॉक: लिनिअर रिस्पॉन्सने काढतो कोण पण? आमच्या लॅबमध्ये एका सीनियरने एक आकडा वापरला, मग सगळ्यांनी तोच, मँगनीजलाही तोच, आणि पेपरात "लिटरेचरनुसार". यू प्रोजेक्टरवर (डी इलेक्ट्रॉन कोणते ते ठरवणाऱ्या फंक्शनांवर) अवलंबून असतो, स्यूडोपोटेन्शियल (अणूच्या आतल्या भागाऐवजी वापरलेलं सोपं रूप) बदललं की बदलतो, दुसऱ्या कोडमधला उचलून चालत नाही. मी हे बोललो तर माझंच नाव पेपरातून गेलं.

कॅथोडवाली: तुमच्या लॅबचा राग माझ्यावर काढू नका. मी स्वतः काढते.

जुना_पोस्टडॉक: मग पोस्टमध्ये लिहायचं होतंत ना! नवी पोरं "यू टाका" एवढंच वाचतात आणि पीएचडीभर उसना आकडा वापरतात.

हबर्डभक्त: मूळ मुद्दा राहिलाच. झानेन, सवात्स्की, ॲलन यांच्या १९८५ च्या मांडणीनंतर (गॅप डी इलेक्ट्रॉनांमधली की ऑक्सिजन आणि धातूमधली, ही वर्गवारी) भरलेल्या व्हॅलन्स बँडच्या माथ्यावर ऑक्सिजनच्या पी इलेक्ट्रॉनांचा वाटा किती हे बघावंच लागतं. लिथियम घातलात की होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) मुख्यतः ऑक्सिजनवर जातात. नुसती गॅप जुळवून हे बरोबर आलं की नाही ते कळत नाही. स्पिनवेडा, सुपरसेलचं मान्य, पण तेवढंच.

कॅथोडवाली: ठीक आहे, "संपला" हा शब्द मागे घेते. यू सोडणार नाही. पीडीओएस (कोणत्या अणूचा किती वाटा ते दाखवणारा आलेख) रात्री टाकते, ऑक्सिजनचा वाटा तुम्हीच मोजा.